ऑर्किडला दांडी निघाली! आता फूल उमलेपर्यंत खान्देशातल्या हवेत काय काय सांभाळायचं

दिवाळीचा फराळ संपत आला की माझं एक काम सुरू होतं, सकाळी उठल्या उठल्या मोबाईलचा टॉर्च घेऊन ऑर्किडच्या पानांच्या बगलेत बघायचं. जळगावात आमची पूर्वेकडची बाल्कनी आहे, तिथे सात फॅलेनॉप्सिस (घरात सर्रास ठेवतात तो ऑर्किडचा प्रकार) आहेत, सगळे हायब्रिड म्हणजे संकरित, आणि नोव्हेंबर संपता संपता कधीतरी एका पानाखालून हिरवं टोक डोकावतं, तीच फुलांची दांडी. ते दिसलं की त्या दिवशी मला दुसरं काही सुचतच नाही. पण खरं काम तिथून पुढे असतं, कारण दांडी दिसल्यापासून पहिलं फूल उघडेपर्यंत साधारण अडीच ते तीन महिने जातात आणि आपल्याकडे हे तीन महिने म्हणजे आधी हाडं गोठवणारी थंडी आणि मग एकदम ऊन.

पुण्या-बंगलोरचे व्हिडिओ बघून लोक ऑर्किड आणतात आणि तसंच करायला जातात, तिथेच गडबड होते. तिकडचा उन्हाळा आपल्यापेक्षा बराच सौम्य असतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा ८-१० वर आणि त्याच दिवशी दुपारी २८-३०, पुढे मार्चच्या मध्यापर्यंत दुपार ३८ च्या वर जाते. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, दांडी निघाल्यावर झाडाला जास्तीचं काही द्यायला जाऊ नका, त्याच्या भोवतीची हवा एकदम बदलणार नाही एवढं बघा. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

हायब्रिड म्हणजे नेमकं काय आणलंय आपण

हे थोडक्यात. कपाशीवाल्या भागात हायब्रिड शब्द समजावून सांगायची गरज नाही, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस एच-४ आपल्या शेजारच्या सुरतेत १९७० साली आला आणि घराघरात हा शब्द पोचला. ऑर्किडमध्ये हे त्याहून खूप आधीचं आहे, माणसाने मुद्दाम केलेल्या संकरातून आलेलं पहिलं ऑर्किड १८५६ साली इंग्लंडमध्ये फुललं, कॅलेन्थे डोमिनाय नावाचं. फॅलेनॉप्सिसमध्ये मोठ्या गोल पांढऱ्या फुलांची जी घराणी आहेत त्यातल्या पुष्कळांच्या मुळाशी १९४० साली नोंदवलेलं डोरिस नावाचं हायब्रिड आहे.

आपल्या कामाचा मुद्दा असा की नर्सरीत जी रोपं मिळतात ती बहुतेक टिश्यू कल्चरची असतात, आपल्या ग्रँड नाईन केळीसारखीच, म्हणजे एकाच चांगल्या झाडाच्या हजारो नकला. अशा झाडाला फूल कुठलं येणार हे लेबलवरच्या फोटोवरून बहुतेक कळतं. पण बियांपासून वाढवलेलं हायब्रिड असेल तर पहिलं फूल उघडेपर्यंत खुद्द वाढवणाऱ्यालाही माहीत नसतं, एकाच शेंगेतली दोन भावंडं वेगवेगळ्या रंगाची निघू शकतात. माझ्याकडे असं एक आहे, त्याच्या कुंडीवर नुसता नंबर आहे, नाव नाही, आणि त्याची वाट बघण्यात जी मजा आहे ती फोटोवाल्यात नाही.

आधी खात्री करा, दांडी आहे की मूळ

नवीन लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. दोन्ही हिरवी, दोन्ही पानाच्या खालून निघतात. पण नीट बघितलं तर फरक दिसतो. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, काडेपेटीच्या काडीच्या गुलासारखं, चमकदार हिरवं किंवा तांबूस असतं आणि त्याच्या मागचा भाग लवकरच रुपेरी पांढरा व्हायला लागतो. दांडीचं टोक चपटं असतं, एका बाजूला किंचित वाकलेलं, लहान बाळाच्या हातमोज्यासारखं, आणि जरा मोठी झाली की त्यावर पापुद्र्यासारखं खवल्याचं आवरण दिसतं, बोटाने चाचपलं तर पेराची गाठ लागते. मूळ कुठूनही निघतं आणि बहुतेक खाली किंवा आडवं जातं. दांडी बहुधा वरून तिसऱ्या-चौथ्या पानाच्या बगलेतून निघते आणि उजेडाकडे वर वळते.

पहिल्या आठवड्यात तरी ठाम सांगता येत नाही. मला आता दहा वर्षं झाली तरी एखाद्या टोकापाशी थांबावं लागतं. नख लावून, काडीने उकरून बघू नका, ते टोक इतकं कोवळं असतं की जरा दाब बसला तरी काळं पडतं. आठ-दहा दिवस थांबा, आपोआप कळतं.

दांडीच आहे असं नक्की झालं की कुंडीवर मास्किंग टेपचा तुकडा लावून तारीख लिहून टाका. हे साधं वाटेल पण याने पुढची सगळी घालमेल कमी होते, कारण जानेवारीत एक काळ असा येतो की दांडी वाढतच नाहीये असं वाटतं, आणि तारीख बघितली की लक्षात येतं अरे सहाच आठवडे झालेत.

दांडी निघालीच नसेल तर

खतवाल्याकडे धावायच्या आधी थर्मामीटर बघा. फॅलेनॉप्सिसला दांडी काढायची खूण मिळते ती गारव्याने. हवा सतत २८ च्या वर असली की झाड पानंच वाढवत बसतं, दिवसाही २५-२६ च्या आसपास किंवा त्याखालची हवा चार-सहा आठवडे मिळाली की बगलेतला झोपलेला डोळा जागा होतो. आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्ये ते शक्यच नसतं. दिवाळीनंतर रात्री गार व्हायला लागतात, पण दुपार मात्र गच्चीला लागून असलेल्या खोलीत किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत बराच काळ तापलेलीच असते. म्हणून नोव्हेंबरात झाड घरातल्या सगळ्यात गार पण उजेडाच्या जागी हलवा, उत्तर किंवा पूर्व बाजू, आणि रात्री खिडकी उघडी ठेवा. माझ्या नणंदेकडे धुळ्याला तीन वर्षं नुसती पानं यायची, झाड टीव्हीजवळ हॉलमध्ये बंद खिडकीच्या आत होतं, ते मागच्या ओट्यावर जाळीखाली ठेवलं आणि त्याच हिवाळ्यात दोन दांड्या निघाल्या.

दुसरं कारण कमी उजेड. आणि तिसरं, झाड लहान असणं. चार-पाच धड मोठी पानं आणि भरलेली मुळं नसतील तर एक वर्ष जाऊ द्या.

जागा एकदा ठरवा आणि कुंडी फिरवू नका

दांडी उजेडाच्या दिशेने वाढते. आज इकडून, उद्या तिकडून उजेड आला तर ती नागमोडी होते आणि पुढे कळ्या कुठल्याही तोंडाने लागतात. मी कुंडीवर खिडकीच्या बाजूला मार्करने एक बाण काढून ठेवते, पाणी द्यायला उचलली तरी परत त्याच तोंडाने ठेवायची. घरात झाडू-पोछा करणाऱ्या मावशींनाही बाण दाखवून ठेवलाय, त्या आता माझ्यापेक्षा जास्त काळजीने ठेवतात.

उजेड किती? सकाळचं कोवळं ऊन आठ-साडेआठपर्यंत चालतं, डिसेंबरात नऊपर्यंतही चालेल. त्यानंतर जाळी हवीच, आपल्याकडे ७५ टक्केवाली हिरवी शेडनेट सगळीकडे मिळते. आकड्यात सांगायचं तर १० ते १५ हजार लक्स, मोबाईलमध्ये लक्स मोजायचं ॲप असतं त्याने अंदाज येतो. ॲप नको असेल तर पानावर हात धरा, सावलीची कड धूसर दिसली तर ठीक, चाकूने कापल्यासारखी स्पष्ट दिसली तर ऊन जास्त आहे. आणि दुपारी पानाला हात लावून बघायचा, पान गरम लागलं तर लगेच मागे सरकवा, मग बाण-बिण राहू द्या बाजूला, कारण भाजलेलं पान परत हिरवं होत नाही.

थंडीच्या रात्री

डिसेंबर शेवटचा आठवडा ते जानेवारी मध्य, उत्तरेकडून गार वारं सुटलं की सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, रावेर सगळीकडे शेकोट्या पेटतात. दांडीला गारवा हवा म्हटलं म्हणून एवढा नको. १५ च्या खाली रात्रीमागून रात्री गेल्या तर वाढ थांबते, १२-१३ च्या खाली कळ्या पिवळ्या पडून गळायची भीती असते आणि पानांवर खोलगट डाग पडतात. मी दोनशे-तीनशे रुपयांचा कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर झाडांमध्येच लटकवलाय, पेपरमधल्या तापमानावर जाऊ नका, बाल्कनीतलं वेगळं असतं.

किमान १५ च्या खाली जायला लागलं की संध्याकाळी सात वाजता कुंड्या आत, सकाळी आठला बाहेर. खिडकीच्या काचेला पान किंवा दांडी टेकू द्यायची नाही, काच रात्री बर्फासारखी होते. आत आणल्यावर हीटर, गिझरच्या पाइपाजवळ, स्वयंपाकघरात अजिबात ठेवू नका. रोज आत-बाहेर करायचा कंटाळा येत असेल तर बाल्कनीतच टेबलाखाली ठेवून वरून जुनी चादर टाकली तरी दोन-तीन अंशांचा फरक पडतो.

या दिवसांत दांडीची वाढ अगदी हळू होते, आठवड्यात बोटाच्या पेराएवढीही नाही. झाड आजारी नाही. ऊब यायला लागली की तीच दांडी दोन आठवड्यांत वीतभर होते.

पाणी

यावर जरा जास्त बोलते कारण आपल्याकडे निम्मी ऑर्किडं पाण्यानेच जातात.

पहिली गोष्ट पाण्याचं तापमान. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी जानेवारीत सकाळी हात बधिर करतं आणि मार्चमध्ये दुपारी नळ सोडला की चटका बसतो. दोन्ही मुळांना वाईट. आदल्या रात्री बादली भरून घरात ठेवा, सकाळी तेच पाणी द्या.

दुसरं, क्षार. बोअरचं पाणी असेल तर बादलीला पांढरी पुटं चढतात ना, तेच मुळांवर चढतं, मुळांची टोकं तपकिरी होऊन थांबतात आणि मग दांडीला पाणी पुरत नाही. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर सोनं. नाहीतर आरओचं पिण्याचं पाणी आणि नळाचं निम्मं-निम्मं. पण आरओच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं ते वापरू नका, पुष्कळ जण काटकसर म्हणून तेच कुंड्यांना घालतात, त्यात साध्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

तिसरं, कधी द्यायचं. वार ठरवून नाही, मुळं बघून. पारदर्शक कुंडीचा हाच फायदा, मुळं हिरवी दिसतायत म्हणजे ओली आहेत, रुपेरी-करडी झाली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की पाणी. झाडाची साल आणि कोळशाचे तुकडे भरलेल्या कुंडीतलं झाड असेल तर कुंडी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायची आणि मग पूर्ण निथळू द्यायची. डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे सात-आठ दिवसांनी वेळ येते, मार्चमध्ये तीन-चार दिवसांनी. मॉसमध्ये (वाळवलेल्या शेवाळात) लावलेलं असेल तर अजून उशिरा, वरचा मॉस बोटाला कोरडा-कुरकुरीत लागेपर्यंत थांबा.

पाणी सकाळीच. पानांच्या मधोमध, जिथून नवीन पान निघतं त्या खोबणीत पाणी साचलं तर टिश्यू पेपरच्या टोकाने टिपून घ्या. थंडीच्या रात्री तिथे पाणी राहिलं की गाभा सडतो, आणि गाभा सडला की दांडी कितीही छान असली तरी झाड गेलंच.

कोरडी हवा, आणि आमच्याकडचा माठाचा उपाय

फेब्रुवारी लागला की ओठ फुटतात, तसंच कळ्यांचंही होतं. झाडाला ५०-६० टक्के दमटपणा आवडतो, माझ्या मीटरवर फेब्रुवारी अखेरीला दुपारी तो २५-३० वर येतो. पसरट ताटलीत खडे, त्यात पाणी, खड्यांवर कुंडी, कुंडीचा तळ पाण्याला लागता कामा नये, हे सगळ्यांना माहीत असतं. याने फरक पडतो पण थोडासाच. माझा अनुभव असा की माठाच्या तिवईशेजारी झाडं ठेवली तर जास्त चांगलं जमतं, पाझरणाऱ्या माठाभोवती गारवाही राहतो आणि ओलही. गेल्या दोन वर्षांपासून मी एक जुना पाझरणारा माठ फक्त झाडांसाठी भरते, त्याला ओलं फडकं गुंडाळते आणि कुंड्या त्याच्या भोवती जवळजवळ ठेवते.

स्प्रे मारायचा तर सकाळी, पानांना आणि आजूबाजूला, कळ्यांवर नाही. कळीवर थेंब थांबून राहिले आणि हवा कोंदट असली की पुढे पाकळ्यांवर तपकिरी ठिपके येतात.

कुलर लावायची वेळ आली की सगळ्यांना वाटतं ऑर्किडला कुलरसमोर ठेवू, मस्त गार वाटेल. नको. सरळ झोतात कळ्या दोन दिवसांत सुकतात. त्याच खोलीत, पण झोताच्या बाजूला, पडद्याआड ठेवा.

खत

कृषी केंद्रात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) मिळतं, ठिबकमधून सोडतात तेच, विद्राव्य. एक लिटरला अर्धा ग्रॅम, दहा-बारा दिवसांतून एकदा, मुळं आधी ओली असताना. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढायची. कळ्या मोठ्या व्हायला लागल्या की मी खत थांबवते.

जास्त स्फुरदवाल्या ०:५२:३४ ने फूल लवकर येतं असं दुकानदार सांगतात, कपाशी-केळीला देतात म्हणून. ऑर्किडला दांडी गारव्याने निघते आणि फूल त्याच्या वेळेने, स्फुरद वाढवून एक दिवसही आधी येत नाही, उलट मुळं भाजतात. शेण, ताक, तांदळाचं पाणी, केळीच्या सालीचं पाणी यातलं काहीही नको, चिलटं होतात आणि साल कुजते.

आधार

दांडी वीतभर झाली की बांबूची बारीक काडी रोवा, मुळं बघत बघत, जिथे जागा आहे तिथेच. बांधायला दोरा नको, कापतो. केसांना लावायचे छोटे क्लचर उत्तम, सैलसर बसतात आणि हवे तेव्हा सरकवता येतात. पेरावर लावायचा नाही, दोन पेरांच्या मध्ये. सकाळी पाणी पिऊन दांडी टणक असते, तेव्हा वाकवायला गेलं की कट्कन मोडते, म्हणून पाणी द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी, थोडं थोडं करून दोन-तीन दिवसांत काडीजवळ आणा. पहिल्या कळीच्या खाली शेवटचा क्लचर, त्याच्या पुढचा भाग मोकळा सोडा, तो आपल्या वजनाने छान झुकतो.

टोक मोडलंच तर रडू नका, दांडी कापू पण नका. खालच्या पेरातून फांदी फुटण्याची बरीच शक्यता असते, फक्त महिना-दीड महिना उशीर होतो. अर्धवट चिरली असेल तर लगेच सरळ करून काडीला धरून टेप गुंडाळा, आतल्या नळ्या शाबूत असतील तर त्यावरही फुलं येतात.

कळ्या दिसल्या, आता केळी बाहेर

दांडी वीत-दीड वीत झाली की टोकाशी मुगाच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात, मग वाटाणा, मग बोरं. हा काळ सगळ्यात नाजूक.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पांढऱ्या मोठ्या फॅलेनॉप्सिसला नऊ कळ्या होत्या, खालची कळी बोराएवढी, आठवड्यात उघडेल असं वाटत होतं. त्याच दिवसांत सासरहून, रावेरकडच्या शेतातून, केळीचा घड आला. सासऱ्यांनी नेहमीसारखा तो हॉलच्या कोपऱ्यात आढ्याच्या कडीला टांगला, खाली माझी ऑर्किडं होती कारण थंडीमुळे आत आणलेली. घड पिवळा व्हायला लागला, घरभर वास सुटला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खालची कळी फिकट पिवळी, सुरकुतलेली. हात लावला तर हातात आली. पाच दिवसांत नऊच्या नऊ गेल्या. पाणी, ऊन, कीड सगळं तपासलं, काही सापडेना. मग डोक्यात आलं, पिकणारी केळी इथिलीन वायू सोडतात, रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला जो वायू सोडतात तोच, आणि ऑर्किडच्या कळ्या-फुलांना तो अगदी थोडासाही सोसत नाही. झाडाला वाटतं काम संपलं, आणि ते कळ्या टाकून देतं.

जळगाव जिल्ह्यात राहून घरात केळी ठेवू नका असं कसं सांगणार, पण कळ्या असताना केळी आणि ऑर्किड एका खोलीत नकोत एवढं पाळा. पिकलेली सफरचंदं, टोमॅटो, पपई, पुढे एप्रिल-मेमध्ये आंब्याची आढी, सगळ्याला हेच लागू. सासऱ्यांना सांगितल्यावर त्यांनी तेव्हापासून घड जिन्याखाली टांगायला सुरुवात केली आणि आता दर फेब्रुवारीत स्वतः फोन करून विचारतात, कळ्या केवढ्या झाल्या.

धुरातही इथिलीन असतं. जानेवारी ते मार्च शेतात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवतात, संध्याकाळी गावाच्या कडेच्या वस्तीत धूर बसून राहतो, तेव्हा खिडकी बंद. होळीच्या दिवशी झाडं आतल्या खोलीत. देवघराजवळ, उदबत्तीच्या धुरात पण ठेवू नका, चांगली जागा वाटते तरी.

नवीन आणलेल्या झाडाच्या कळ्या गळल्या तर बऱ्याचदा प्रवासाचं कारण असतं, बसच्या डिकीत अंधारात रात्रभर, मग एकदम कोरडी हवा. ज्याच्या खालच्या दोन-तीन कळ्या आधीच उघडल्यात असं झाड निवडा, नुसत्या कळ्यांचं नको.

चिकट थेंब आणि किडी

दांडीवर, कळीच्या देठाशी मधासारखे पारदर्शक थेंब दिसतात, ते बहुतेक वेळा झाड स्वतःच सोडतं, घाबरू नका. पण त्या गोडाला मुंग्या लागतात आणि मुंग्यांबरोबर मावा, पिठ्या ढेकूण येतात, कपाशीवाल्यांना ही मंडळी ओळखीची आहेत. ओल्या कापसाने थेंब पुसून टाका. पांढरा पिंजलेला ठिपका दिसला तर कानात घालायच्या काडीला स्पिरिट लावून फक्त त्या ठिपक्यावर टेकवा. पानाच्या मागे, बगलेत, कळ्यांच्या मध्ये, दर रविवारी एकदा बघायचंच. शेतासाठी आणलेलं कीटकनाशक घरात, बाल्कनीत मारू नका, लहान मुलं असतात, आणि नीम तेलसुद्धा कळ्यांवर नको, डाग पडतात. पावसाळी हवेत गोगलगाय एका रात्रीत कोवळं टोक खाते, तेव्हा टॉर्च रात्रीही फिरवा.

उमलतानाचे दोन दिवस

शेजारच्या आजी अहिराणीतून रोज विचारतात, "काय व, फुलनं का?" आणि मी रोज नाही म्हणते, असं करत करत एक दिवस कळीचा रंग बदलतो. हिरवटपणा जाऊन ती फुगीर, किंचित पारदर्शक दिसते, शिवण असावी तशी रेघ उमटते. त्याआधी एक गंमत होते ती बघायला विसरू नका, कळी आपल्या देठावर हळूहळू पीळ घेऊन वळते, कारण फुलाची ओठासारखी पाकळी कळीत वरच्या बाजूला असते, ती उघडताना खाली यायला हवी. आज काडीने खूण करून ठेवा, तीन-चार दिवसांनी कळलं नाही तर सांगा. याच वेळी कुंडी फिरवली तर फुलं आडवी-तिडवी उघडतात, म्हणून तो बाण.

मग शिवण एका टोकाने सुटते. आधी बाहेरची तीन दलं, ती मागे सरकतात, मग दोन रुंद पाकळ्या घडी उलगडावी तशा. पूर्ण सपाट व्हायला एक-दोन दिवस लागतात आणि त्यानंतरही फूल थोडं मोठं होत राहतं, रंगही चढतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी छोटं आलं म्हणून हिरमुसू नका. बोटांनी पाकळ्या उघडायला मदत करू नका. खालची कळी पहिली, मग दर तीन-चार दिवसांनी वरची.

फुलाच्या मधल्या खांबाला आणि त्याच्या टोकाच्या पिवळ्या परागाच्या गोळ्यांना मुलांना हात लावू देऊ नका. परागण झालं की तेच फूल एक-दोन दिवसांत मिटून कोमेजतं, नाहीतर एकेक फूल दोन-अडीच महिने टिकतं. आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात एवढं टिकत नाही, माझ्याकडे दीड महिना धरा. आमच्या गावाकडे जुनं धाब्याचं घर आहे, जाड मातीच्या भिंती, मे महिन्यातही दुपारी आत पाय टाकला की गार वाटतं, तिथल्या पूर्वेच्या खणात ठेवलेल्या झाडाची फुलं शहरातल्यापेक्षा तीन आठवडे जास्त राहिली. ज्यांच्याकडे असं घर आहे त्यांनी फुललेली झाडं तिकडेच न्यावीत.

फुलं गळून गेल्यावर

दांडी हिरवी असेल तर खालून दोन-तीन पेरं ठेवून कापली की परत फूल येतं असं सांगतात आणि ते खरंही आहे. पण आपल्याकडे तेव्हा आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलेली असते, पारा ४२-४३, पुढे मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ च्या वर. अशा वेळी झाडाला दुसऱ्या फुलोऱ्याला लावणं मला पटत नाही. मी बुडापासून इंचभर ठेवून कापते, ब्लेड आधी गॅसवर तापवून गार केलेलं, कापलेल्या जागी चिमूटभर दालचिनीची पूड, मुळांना लागू न देता. एखाद्या दांडीच्या पेरावर पानं-मुळं असलेलं पिल्लू निघालेलं दिसलं तर ती दांडी राहू द्या, मुळं बोटभर झाली की पिल्लू वेगळं लावता येतं.

त्यानंतर जून उजाडेपर्यंत सावली, सकाळी पाणी, माठ भरलेला. साल भुगा झाली असेल तर पहिल्या पावसानंतर कुंडी बदला, आणि मास्किंग टेपवरची जुनी तारीख वहीत उतरवून टेप काढून टाका, नोव्हेंबरात नवीन लावायचा आहे.